मामाजींची बस

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, गाडीत बसले की आधी मागे वळून पाहतात. "सगडे आले का? कोनी राह्यलं त नाई ना?" गाडीत आम्ही तिघंच. मी, बायको सुजाता आणि ते स्वतः. तरी उत्तर मिळेपर्यंत मला चावी फिरवायची सोय नाही.

ऊर्जानगरला, वीजकेंद्राच्या वसाहतीत, त्यांनी जन्मभर कंपनीची बस चालवली. शिफ्टचा एखादा माणूस दिसला नाही, की त्याच्या क्वार्टरसमोर बस उभी करून हॉर्न द्यायचे. तो तोंडात ब्रश धरून धावत येईतो बस जागची हलत नसे. साहेब लोक संतापायचे. "मानूस सोडून बस हालत नाई," एवढंच यांचं उत्तर.

सासूबाई गेल्यापासून ते जंगलपट्टीतल्या नागभीडला, गावच्या घरी, एकटेच असतात. सुजाता दर दिवाळीला 'येते' म्हणते आणि दर दिवाळीला तिची रजा अडते. शेवटी यंदा आम्हीच त्यांना आमच्याकडे अमेरिकेत बोलावलं आणि नवाहो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलखात फिरायला नेलं.

तांबडं वाळवंट, आभाळाला टेकलेले खडक, नजर पोचेल तिथवर सरळ रस्ता. मी कौतुक करून दमलो. मामाजी म्हणाले, "सगडं बरं हाय जावईबापू, पन झाड कुठी हाय?"

एका वळणावर एक नवाहो आजी मण्यांच्या माळा मांडून बसली होती. आम्ही माळ घेतली आणि निघालो, तर मामाजी गाडीत बसेनात. दिवस कलला होता, आसपास घर नव्हतं. "हे बाई राह्यली ना!"

सुजाताने इंग्रजीत विचारलं, तर आजीचा नातू गाडी घेऊन येणार होता.

"येऊन राह्यला त येऊ दे. थांबतो."

आजीच्या एका खोक्यावर बसून मामाजींनी चिवड्याची पिशवी सोडली. आजी तिच्या भाषेत बोलत होती, हे झाडीबोलीत, आणि दोघांचं छान चाललं होतं. मी हॉटेलवर पोचायला उशीर होतोय म्हणून चरफडत होतो. नातू आला, सामान चढलं, तेव्हा कुठे आम्ही सुटलो.

"बाबा, तिला न्यायला येणारच होते ना?" सुजाता वैतागून म्हणाली.

"येनार होते. पन येईपर्यंत एकट्यानं वाट पाह्यनं लय जड जाते, बाई."

मला स्वतःची लाज वाटली.

मामाजी गावी परत निघाले, त्या दिवशी विमानतळावर आत शिरता शिरता ते सवयीने वळले. "सगडे आले का?"

सुजाताला रडू फुटलं. "मी राह्यली, बाबा."

त्यांनी बॅग खाली ठेवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ये आरामानं. बस उभी हाय."