कोरडं तळघर

निवृत्त ग्रंथपालांच्या विजेच्या गाडीने बावीस तास इमारतीच्या तळघरात गुडघाभर पाण्यात काढले. पाणी ओसरल्यावर त्यांनी, जुन्या खोडीप्रमाणे, गाडीची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचली. बॅटरीत पाणी गेलं असेल तर ती काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. तपासणीआधी चार्ज करू नये. गाडी इमारतीपासून लांब ठेवावी. गाडी नेमकी त्यांच्या झोपायच्या खोलीखाली उभी होती.

गाडीच्या कंपनीचा तपासनीस आला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "काका, पाण्याची रेघ कुठंय?"

"हिने पुसली," ग्रंथपाल ओशाळले.

"मग काय, चिखल मिरवायचा होता?" काकू जिन्यातूनच कडाडल्या.

"रेघ नाही तर पाणी शिरल्याचा इमारतीचा दाखला लागेल. तो द्या, लगेच गाडी उचलून नेतो."

सेक्रेटरींनी तातडीची सभा घेतली. निम्मे सभासद गमबूट घालून आले होते. "पाणी शिरलं असं एकदा कागदावर आलं," सेक्रेटरी म्हणाले, "की फ्लॅटला गिऱ्हाईक फिरकणार नाही." ठराव एकमताने झाला : तळघरात पाणी शिरलेले नाही. आढळलेला ओलावा हवेतील आहे.

ठराव वाचून तपासनिसाचा चेहरा खुलला. "पाणी नाही, म्हणजे गाडी भिजली नाही. भिजली नाही, म्हणजे तपासणी नाही." त्याने शिक्का मारला : गाडी कोरडी. चार्जिंगला हरकत नाही. निघताना त्याचे बूट पचपच वाजत होते.

"पण एकमत कसं?" ग्रंथपाल चाचरत म्हणाले. "मी सही कुठं केलीय?"

"तेवढ्यासाठीच आलोय," सेक्रेटरींनी वही पुढे केली.

"नाही करणार. वरती माणसं झोपतात हो!"

काकू त्यांच्या कानाशी लागल्या. "अहो, पुढच्या वर्षी मुलीकडे राहायला जायचंय ना? मग आपला फ्लॅट घेणार कोण?"

ग्रंथपालांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग सही केली. सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने प्लग लावला, हिरवा दिवा लागला, आणि ग्रंथपालांनी पलंग ओढत ओढत स्वयंपाकघरात नेला.

फ्लॅट आता विकायला काढलाय. हवेशीर, चार्जिंगची सोय, तळघर कोरडं. जरूर बघायला या. तुमचा सध्याचा विकूनच याल म्हणा. तुमच्या इमारतीच्या वहीतही तळघर कोरडंच असेल, आणि खाली तुमची सही.