पुलाच्या भरवशावर जाळलेली होडी

"आता बोल की मेजर! कुठं हाय तुझा पूल?"

जेथ्रो पेनिक्स ओढ्याच्या काठावरून बोंबलत होता. मेजर हॉब्स तिथं नव्हताच. तो निवडून येऊन केव्हाच राजधानीला पोचला होता. ऐकायला एक गाय होती, आणि ती धार काढायची राहिली म्हणून जेथ्रोवरच हंबरत होती. धार काढणारी केझाया, म्हणजे त्याची बायको, पलीकडच्या काठावर. बहिणीकडं गेली तेव्हा ओढ्याला घोटाभर पाणी होतं. रात्रीत पाऊस झाला आणि ओढा फुगला. होडी मात्र नव्हती.

होडीचं असं झालं. निवडणुकीआधी मेजरनं याच काठावर अख्खं डुक्कर भाजलं, व्हिस्कीचं पिंप फोडलं आणि छातीवर हात ठेवून गरजला, "मला निवडून द्या, थंडीच्या आत इथं पूल!" जेथ्रोला भरून आलं (चौथा पेला होता). तेवढ्यात सरपण संपलं. डुक्कर अर्धं कच्चं, माणसं भुकेली. "पूल येतोय, मग होडी काय चाटायचीय?" म्हणत जेथ्रोनं कुऱ्हाड उचलली. होडी झकास पेटली. बायकोला सांगितलं, डांबर लावायला दिलीय.

त्या काळी केंटकीत मत कचेरीत सगळ्यांदेखत ओरडून द्यायचं. जेथ्रो असा ओरडला की बाहेरची घोडी बुजली. तिथंच बसलेल्या मेजरनं उठून, वाकून आभार मानले. जेथ्रो त्या दिवसापासून गावात ताठ मानेनं फिरत होता.

"अवो!" पलीकडून केझाया ओरडली. "तुमच्या मेजरनं हिकडं काय कबूल केलंय, ठाव हाय का?"

"काय?"

"पूल हुऊ देनार न्हाई म्हून! पुलावरनं तुमची डुकरं हिकडच्या मक्यात शिरतील म्हनं. हिकडंबी डुक्कर भाजलं त्यानं. भावजींनी त्यालाच मत दिलं."

"लबाड! दोन तोंडांचा!"

"एक वचन तर पाळलं की बिचाऱ्यानं! ते ऱ्हाऊ द्या, होडीचं डांबर वाळलं का?"

जेथ्रो गाईकडं बघायला लागला.

"भावजी दोन्हीकडं जेवले हुते," केझाया म्हणाली. "म्हनाले, तिकडच्या डुकराला डांबराचा वास मारत हुता. माझ्या बापानं लग्नात दिलेली होडी ती!"

जेथ्रोचा हात आपोआप छातीवर गेला. "केझाया, शपथेवर सांगतो, थंडीच्या आत तुला नवी—"

"हात खाली घ्या!"

त्यानं घेतला.

केझाया दगडावर बसली, बहिणीनं फडक्यात बांधून दिलेली मक्याची भाकर सोडली आणि बोटानं दाखवलं. "त्ये तुमच्या मागचं ओकाचं उंच झाड. पाडा. शेंडा हितं माझ्या पायापाशी आला पायजे. कुऱ्हाड चालवता येतीय न्हवं? चला, लागा."