समुद्राचं बूच

मन्मथअप्पा बिडव्यांनी बोटीच्या तळाचं पहिलं भोक बुजवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लातुरात, औसा रोडवरच्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये समुद्र आला. फार नाही, घोटाभर. दुपारपर्यंत थांबला आणि गेटमधून निघून गेला. जाताना चाकोत्यांच्या स्कूटरच्या सीटवर एक शिंपला ठेवून गेला.

पाण्याच्या बाबतीत लातूरकर मुळातच संशयी. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही येईल तेव्हा खरं. त्यामुळे न सांगता एवढं पाणी दारात आलेलं पाहून लोक आधी घागरी घेऊन धावले, आणि चव घेऊन परत फिरले.

"खारंय," तळमजल्यावरचे चाकोते म्हणाले. ते सोसायटीचे सेक्रेटरी. "बोअरचं असंल."

"बोअरच्या पाण्याला लाटा नसतात," अप्पा म्हणाले. पाटबंधारे खात्यात अप्पांची सगळी नोकरी धरणांची पातळी मोजण्यात गेली होती, बहुतेक वेळा नसलेली. पाण्याबद्दल त्यांचा शब्द सोसायटीत शेवटचा असे. त्यांनी समुद्र म्हटल्यावर तो समुद्रच होता.

बोट फायबरची, मागे इंजिन बसवायची. एका धरणावर पाहुण्यांना फिरवायला आणलेली. धरण आटलं, बोट गाळात बसली आणि काही वर्षांनी लिलावात निघाली. महानंदाबाई त्या दिवशी अप्पांचा डबा घेऊन तिथं गेल्या होत्या. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून त्यांनी हात वर केला आणि बोट बिडव्यांची झाली. झाली चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "समुद्र दाखवतो, समुद्र दाखवतो म्हणत जन्म घालवलाव," घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "आता वाहनाची सबब सांगू नका."

बोट पार्किंगमध्ये जुन्या टायरांवर बसली, तिच्यावर ताडपत्री चढली आणि अप्पा 'पुढच्या मे महिन्यात बघू' म्हणत राहिले. गेल्या वर्षी महानंदाबाई गेल्या. मे महिन्यातच. त्यांचं वर्ष झाल्यावर अप्पांनी ताडपत्री काढली.

काम किचकट होतं. जुना रंग पॉलिश पेपरनं घासून काढायचा, त्या भुकटीनं अंगभर खाज सुटायची. भेगेच्या कडा उतरत्या करायच्या, काचेच्या धाग्यांची चटई मापानं कापायची, मगात रेझिन घ्यायचं, त्यात थेंब थेंब हार्डनर, आणि ब्रशनं चटई भिजवत बुडबुडे काढत जायचं. हार्डनर हातून जास्त पडला की हातातला मग तापायचा आणि पाहता पाहता त्याचा दगड व्हायचा. असे बरेच मग वाया गेले. ते मजल्यामजल्यावर दाराला टेकण म्हणून वाटले गेले.

समुद्राचा हिशोब सरळ होता. जेवढी बोट दुरुस्त, तेवढा तो जवळ. मोठं भोक बुजलं की पोटऱ्यांपर्यंत यायचा. नुसता ओरखडा बुजवला तर फक्त वारा यायचा. पाणी ओसरायचं, पण वारा राहायचा. दुसऱ्या मजल्याच्या डिश अँटेनावर एक पांढरा पक्षी येऊन बसू लागला आणि सगळ्यांच्या मालिकांमध्ये मुंग्या दिसू लागल्या.

शेवटी सोसायटीची सभा बोलवावी लागली. पार्किंगमध्ये भरती असल्यामुळे ती जिन्यात भरली.

"माझ्या बुटात खेकडा निघाला," चाकोते म्हणाले. "लग्नाला चाललो होतो. बुटात पाय घातला, तर आधीच कुणीतरी आत."

"तुमचा बूट तरी आहे. माझे पापड बघा," अध्यक्ष भुतडाबाई म्हणाल्या. त्यांचा पापडांचा धंदा होता आणि गच्ची त्यांच्याच पापडांनी भरलेली असे. त्यांनी पुरावा म्हणून आणलेला पापड घडी घालून दाखवला. तो मोडला नाही. "लातूरचं ऊन आहे म्हणून धंदा आहे, अप्पा. चार दिवस झाले, एक पापड कडक होत नाही. रुमालासारखे खिशात ठेवा."

"समुद्रकाठी पापड करत नसतील का?" अप्पांनी विचारलं.

"करत असतील. समुद्राला विचारून करत असतील. आमाला कुणी विचारलं?"



"बरं, पाणी काही कामाचं तरी हाय का?" चाकोते म्हणाले. "पिता येईना, धुणं होईना. साबणाला फेस नाही. टँकरवाला गेटातून आत यायला तयार नाही. म्हणतो, तुमच्याकडं एवढं असताना मला कामून बोलवलालाव."

ठराव झाला. रविवारपर्यंत समुद्राचा बंदोबस्त करावा. न झाल्यास बोट तोडून भंगारात द्यावी. सगळ्यांनी हात वर केले. अप्पांनी महानंदाबाईंची आठवण होऊन हात खाली ठेवला, पण एका हातानं फरक पडणार नव्हता.

आता बोटीला एकच भोक उरलं होतं. मागच्या बाजूला, अगदी तळाशी. अप्पांनी चटई कापली, मगात रेझिन घेतलं, आणि ब्रश टेकवायच्या आत थांबले. भोक गोल होतं. इतर भोकांसारखं फाटलेलं नव्हतं. आत पितळेचे आटे होते. हे कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं होतं, बोटीत साचलेलं पाणी सोडून द्यायला. धरणाच्या माणसाला हे कळायला एवढे दिवस लागावेत याची त्यांना लाज वाटली. याला चटई नको होती. याला बूच हवं होतं.

बूच कुठं आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते रोज त्याच्याकडे बघत होते.

बोट घरी आली त्याच आठवड्यात महानंदाबाईंनी ते चकचकीत बूच फिरवून काढलं होतं आणि गॅलरीतल्या निळ्या ड्रमच्या फुटक्या तोटीच्या जागी ठोकून बसवलं होतं. त्याच गॅलरीत कठड्यावरून निम्म्या बाहेर वाकून त्या टँकरची वाट बघायच्या. कुठंही बसल्या तरी कडेलाच, बसमध्ये खिडकीपाशी, नाटकाला टोकाच्या खुर्चीवर. खालून चाकोते ओरडायचे, "वैनी, आत सरका, पडसाल." जगात त्या तेवढ्या एकाच माणसाचं ऐकायच्या. नवऱ्यानं सांगितलं तर अजून थोड्या वाकायच्या.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी नळ आला होता आणि त्यांनी तो ड्रम काठोकाठ भरला होता. तेव्हापासून तो तसाच होता. अप्पा दुसऱ्या ड्रममधलं पाणी वापरत. ऐन उन्हाळ्यात, सगळी सोसायटी कोरडी असतानाही, त्या ड्रमकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

शनिवारी सकाळी अप्पा जिन्यात येऊन म्हणाले, "चाकोते, बादली घेऊन या."

"गोडं हाय?"

"गोडं आहे. पिऊ नका, वर्षाचं आहे. पण मीठ धुवायला चालंल."

चाकोत्यांना कोणतं पाणी ते कळलं. ते बादली घेऊन आले. त्यांच्या मागे भुतडाबाई आल्या, मग सवयीनं पार गच्चीपर्यंत रांग लागली. नंबरावरून भांडणही झालं, पण हळू आवाजात. अप्पांनी प्रत्येकाला एकेक बादली भरून दिली. महानंदाबाईंच्या पाण्यानं चाकोत्यांची फरशी धुतली गेली, बूट धुतले गेले, स्कूटर धुतली गेली. तळाचं उरलेलं अप्पांनी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं आणि रिकामा ड्रम आडवा करून बूच काढलं.

ते बोटीला फिरवून बसवलं आणि समुद्र आला. पूर्ण आला. गेटमधून, कुंपणावरून, मीटरच्या खोलीला वळसा घालून, आणि चाकोत्यांच्या दारापासून दुसऱ्या पायरीला लागून नेमका थांबला. अप्पा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी पातळी नजरेनं मोजली, हात खाली घालून बूच सैल केलं. सगळा समुद्र त्या भोकातून गुडगुड करत निघून गेला. पुन्हा बसवलं, पुन्हा आला. पुन्हा काढलं, गेला.

जिन्यातले लोक एकेक पायरी खाली आले.

"म्हणजे हा सोडता येतो," भुतडाबाई म्हणाल्या.

"येतो. बंदही करता येतो."

"मग आधी कामून सांगितलं नाही? सोडता येतं त्याला काय भ्यायचं." लातूरकरांना एवढंच हवं होतं. भुतडाबाईंनी जिन्यातच सभा धरली. "नळ सोमवारी, टँकर शुक्रवारी. समुद्र गुरुवारी ठेवा. माझे पापड बुधवारी उतरतात."

"आणि बूट?" चाकोत्यांनी विचारलं.

"बूट वर ठेवत जा."

ठराव झाला. भंगाराचा ठराव रद्द झाला. सोडणं-बंद करणं अप्पांकडे.

गुरुवारी अप्पा धुतलेला सदरा घालून खाली आले. इंजिन अजून खोकण्यापलीकडे जात नव्हतं, म्हणून ताडपत्रीचा बांबू बरोबर घेतला. बूच बसवलं, बोटीत चढले आणि उजव्या बाजूला बसले. समुद्र आला. टायरांवरून बोट अलगद सुटली, एक हेलकावा घेतला, आणि डावीकडे कलली. चांगलीच कलली. डावी कड पाण्याला टेकायच्या बेतात आली.

लोक कठड्यावरून बघत होते. चाकोते दुसऱ्या पायरीवर उभे होते, बूट हातात धरून.

"अप्पा, बोट एका अंगाला चाललीय. तुमच्याकडून काम कच्चं राहिलं काय?"

"काम पक्कं आहे," अप्पा म्हणाले. ते डाव्या बाजूच्या रिकाम्या फळीकडे बघत होते. "पहिल्यांदा समुद्र बघतीय. वाकणारच."

"मग सांगा की तिला."

"मी सांगितलं तर अजून वाकंल."

हे खरं होतं, सगळ्या जिन्याला ठाऊक होतं. पाणी कडेवरून आत यायला लागलं. चाकोत्यांनी बूट पायरीवर ठेवले, घसा साफ केला आणि नेहमीच्या आवाजात हाक दिली.

"वैनी, आत सरका. पडसाल."

बोट सरळ झाली. अप्पांनी बांबू टेकवला आणि गेटच्या दिशेनं रेटा दिला.