लाल रंगातल्या बाह्या

"एडिटर निवडायला कितीसा वेळ लागतो? चहा उकळेपर्यंत निवडतो!" निवृत्त मुद्रितशोधकाने बायकोला ठणकावलं.

बायको शिवणाचे वर्ग घ्यायची. बाह्यांचे नमुने तिने कॉम्प्युटरवर 'शिवण' फोल्डरमध्ये चढवले होते, पण फाइलींची नावं पाहून काही कळेल तर शपथ! उद्यापासून नवा वर्ग. मुलाने छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची फाइल, पाठवली: तिच्यात फोल्डरचं नाव घातलं की आतल्या फाइली 'बाही १', 'बाही २' अशा होणार.

"ती उघडून नाव लिहायला शब्दांना रंग देणारा एखादा फुकट एडिटर घ्या, बाबा. कोणताही चालेल."

कोणताही! चष्म्याची फ्रेम निवडताना दुकानदाराला रडकुंडीला आणलेल्या माणसाला हे सांगायचं?

संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरवर एडिटरांची जत्रा भरली. एकाचा पडदा काळाकुट्ट, एकाची अक्षरं मुंगीएवढी. एक त्याला पसंत पडला, तर त्यात 'शिवण' हे फोल्डरचं नाव लालभडक!

जन्मभर त्याच्या टेबलावर लाल म्हणजे चूक. त्याने शब्द तपासला, कोश उघडला. शब्द बरोबर, रंग लालच. मग त्याने तिथे 'कादंबरी' लिहून पाहिलं. या नावाच्या फोल्डरमध्ये त्याची कादंबरी होती, बायकोपासून वर्षानुवर्षं लपवलेली.

तीही लाल!

"म्हणजे माझंही चुकलंच," तो पुटपुटला. शंका होतीच त्याला.

शेवटचा उपाय म्हणून तीच स्क्रिप्ट त्याने तशीच दुसऱ्या एडिटरमध्ये उघडली. तिथे 'कादंबरी' हिरवीगार!

"हाच एडिटर! याला भाषा कळते!" म्हणत त्याने स्क्रिप्ट चालवून टाकली.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खोलीतून हाक आली. "अहो! 'बाही १' शोधून छापली, तर हे काय निघालं? 'नायिकेने खिडकीकडे पाहून सुस्कारा सोडला'?"

"बाई, 'बाही २' द्या ना! पुढे काय झालं?" एक विद्यार्थिनी ओरडली. सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

त्याने मुलाला फोन लावला.

"बाबा, लाल म्हणजे चूक नव्हे हो! अवतरणातला मजकूर वेगळा दिसावा म्हणून रंग असतो. प्रत्येक एडिटरचा आपापला! आणि नाव परत 'शिवण' करायचं विसरलात!"

संध्याकाळी बायकोने कागदांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. पानोपानी तिच्या लाल पेन्सिलीच्या खुणा: 'सुस्कारे फार. मधला भाग ढगळ, कापा. शेवट उसवलाय.'

त्याने चष्मा पुसून सगळ्या खुणा पुन्हा पुन्हा तपासल्या.

इथे मात्र लाल म्हणजे चूकच होती!