काकासाहेबांच्या काँक्रीटाचा पाडाव

ज्या मोरीतून पाणी जाईना आणि ज्या हातांनी ते घालविले, त्या उभयतांस स्मरून हे वर्तमान लिहिले आहे. कमी असेल ते पुरते करून वाचावे, जास्त वाटेल ते काकूसाहेबांस विचारावे.

परसदारी चिखल फार, सबब काकासाहेबांनी निवृत्त होताच मसलत केली आणि स्वहस्ते सिमेंट, वाळू, खडी कालवून सारे परसदार काँक्रीटबंद केले, आणि काम ऐसे चोख जाहले की गटाराच्या चेंबरचे झाकणही त्याखाली गडप जाहले. मग लेक-जावई मुक्कामी आले असता मोरी तुंबली आणि साबणाचे पाणी न्हाणीघर काबीज करून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यास भिडले. नळवाला आला, त्याने झाकण मागितले, ते कोणास दाखविता येईना, तेव्हा चहा घेऊन स्वस्थानी परतला.

काकूसाहेबांचे फर्मान सुटले की काँक्रीट फोडावे. जावई रोज व्यायामशाळेत वजने उचलणारे, त्यांनी बहुत त्वेषाने घण घातला. घण उसळून माघारी आला आणि काँक्रीटावर पांढरा ठिपका मात्र उमटला. मग छिन्नी लाविली, ती बोथटली. पहार लाविली, ती वाकली. दर घावास काकासाहेबांचे मुखावर तेज चढे.

"पाणी मोजून घातलंय मी त्यात," ते जावयांना म्हणाले.

"अहो, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?" काकूंनी विचारले.

काकासाहेब वाकलेली पहार उचलून न्याहाळू लागले, परंतु तेज उतरले नाही.

मोठे यंत्र आणावे तर बोळ अरुंद, आणि सुरुंगाचे नुसते नाव निघता शेजारणीने खिडकी लावून घेतली. मग काकूसाहेब जातीने हार्डवेअरच्या दुकानी गेल्या आणि एक भुकटी घेऊन आल्या, जी पाण्यात कालवून भोकांत भरिता आपसूक फुगते आणि दगडासही आतून रेटून चिरते. लेकीने ड्रिलने ओळीने भोके पाडिली, जावयांनी हातमोजे चढवून लगदा ओतिला, वर पोती झाकिली आणि लगदा उसळून डोळ्यांत जाईल, सबब कोणी वाकून पाहू नये ऐसी सक्त ताकीद जाहली. मग सारी फौज बिनआंघोळीची दारात बसली आणि काहीच घडेना.

दुसरे दिवशी चहाचे वेळी पोत्याखालून टक् ऐसा इवलासा आवाज आला. मग आणखी एक. ताकीद विसरून लेकीने पोते उचलिले, तो चीर या भोकातून त्या भोकात चालत निघालेली. लेक हसू लागली, ते हसू सर्वांस लागले, आणि जावई वाकड्याच पहारीने ढलपे उपटता उपटता हसून खाली बसले. काकासाहेब मात्र गुडघे टेकून चिरेवरून बोट फिरवीत राहिले. काकू जवळ आल्या.

"वाईट वाटतंय का?"

"छे गं. किती सरळ गेलीय बघ. माल चांगला असल्याशिवाय अशी जात नाही."

"चांगलाच होता," काकू म्हणाल्या.

मग झाकण मोकळे जाहले, नळवाल्याने सळई घातली आणि तुंबले पाणी गुळगुळ करीत पळून गेले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पहिल्या स्नानाचा मान काकूसाहेबांस मिळाला. त्यांनी आत जाऊन कडी लाविली, आणि बाहेर तिघे धुळीने पांढरेफटक, खांद्यावर टॉवेल टाकून रांगेत उभे राहिले. बराच वेळ गेला. आतून गाणे ऐकू येत होते, सबब दार ठोठावण्याची कोणाची छाती जाहली नाही.