दाराआडची काजळी

दाराआड काजळीची वाटी येऊन आठवडा झाला, तेव्हा हुमैराबीबींचा संयम सुटला.

"तमीमचे बाबा, घरात सोयरिकीची बोलणी चाललीत. मुलीकडचं कोणी आलं आणि त्यांनी ही वाटी पाहिली, तर काय म्हणतील?"

"म्हणतील, माणूस सावध आहे," गौसुद्दीन मास्तर म्हणाले आणि वाटीत आणखी दोन थेंब तेल घालून बोटाने कालवू लागले. काजळी सुकली की गालावर नीट बसत नाही.

आमच्या काबुलात पहिला बर्फ पडला की ओळखीच्या कोणाला तरी चिठ्ठी धाडायची असते : 'बर्फ आमचा, मेजवानी तुमची.' समोरच्याने ती हातात घेतली की संपलं, मेजवानी त्याच्या गळ्यात. पण त्याने वेळीच ओळखून चिठ्ठी आणणाऱ्याला पकडलं आणि तोंडाला काजळी फासली, तर जेवण पाठवणाऱ्याने द्यायचं. पकडलेला माणूस काळ्या तोंडाने बाजारातून घरी जातो, लोक टाळ्या वाजवतात, तोही हसतो. चिठ्ठी कशातही लपवलेली असते, त्यामुळे त्या दिवशी शहाणा माणूस सख्ख्या भावाच्या हातून पाण्याचा पेलासुद्धा घेत नाही.

मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण बर्फाच्या बाबतीत त्यांचं वय दहाच्या पुढे सरकलं नव्हतं. तुतीची पानं पिवळी पडायला लागली की ते रोज सकाळी गच्चीवर चढून पगमानचे डोंगर बघायचे आणि मग सुकामेवा आणि फळं विकणाऱ्या मीर यासीनच्या दुकानात जाऊन बसायचे. दोघं म्हातारे हवा हुंगत तासन् तास बर्फाच्या गप्पा मारायचे. पहिला कण पडेपर्यंत त्यांच्यासारखे मित्र नाहीत, आणि पडल्यावर त्यांच्यासारखे वैरी नाहीत. गेली काही वर्षं यासीनच जिंकत होता. एकदा त्याने चिठ्ठी गरम रोटीत घालून पाठवली, एकदा पिंजाऱ्याकडून परत आलेल्या रजईत. या वर्षी हरायचं नाही, असं मास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं.

तमीमचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. जोहल नावाच्या मुलीशिवाय लग्न करणार नाही, असं त्याने आईला सांगून टाकलं होतं. उन्हाळ्यापासून हुमैराबीबी तिच्या घरी खेपा घालत होत्या. मुलगी काबुलात मावशीकडे राहून शिकली होती. वडील, इंजिनिअर तोरयालई, जलालाबादचे. नुकतेच बदलून काबुलात आले होते. पुरुषांची अजून गाठ पडली नव्हती. आमच्याकडे होकार तोंडाने देत नाहीत, भरतकामाच्या रुमालात मिठाई बांधून देतात. त्या रुमालाची वाट बघून तमीमचं जेवण अर्ध्यावर आलं होतं.

बर्फ सकाळीच पडला. तमीम कामावर गेला होता, हुमैराबीबी बहिणीकडे. मास्तर अंगणात तोंड वर करून, जीभ बाहेर काढून उभे होते, तेवढ्यात दार वाजलं.

दारात अनोळखी माणूस उभा. अंगावर पातळ शाल, पायात उघड्या चपला, बर्फाने लाल झालेली बोटं. बोलणं थेट जलालाबादचं. यासीनच्या दुकानातली संत्रीही तिथूनच येतात, म्हणजे हा त्याचाच माणूस, हे मास्तरांनी ताडलं.

"गौसुद्दीन मास्तरांचं घर हेच ना?"

"हेच. पाठवलं कोणी?"

"पाठवणार कोण, मीच आलो. सकाळी उठून बघतो तर हा बर्फ. आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. म्हटलं, यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला." पाहुण्याने शालीखालून रुमालाची पुरचुंडी काढून पुढे केली. "घ्या. गोड आहे."

"बर्फ बघून आलात?"

"बर्फच बघून आलो."

मास्तरांना आणखी पुरावा नको होता. डाव्या हाताने त्यांनी पाहुण्याचं मनगट धरलं, उजवा हात दाराआड घातला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत असा काही फिरवला की कान तेवढे गोरे राहिले.

"सांगा यासीनला, म्हणावं मास्तर या वर्षी जागा होता."

शेजारच्या गच्च्यांवरून टाळ्या पडल्या. पाहुणा हसला नाही. तो पुरचुंडी छातीशी धरून तसाच उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "आमच्याकडे हे चोराला करतात." आणि वळून चालू लागला. त्या काळ्या तोंडामागे टाळ्या वाजवत गल्ली त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवून आली.

त्याच कोपऱ्यावर त्याला ओलांडून हुमैराबीबी गल्लीत शिरल्या. घरी येऊन त्या दाराला टेकल्या आणि खालीच बसल्या.

"तो रुमाल मी ओळखते. जोहल माझ्यासमोर त्यावर डाळिंबं भरत होती. ते तिचे वडील होते."

मास्तरांनी हात तोंडावर ठेवला, आणि पांढऱ्या मिशा काळ्या झाल्या. त्यांना फार वाईट वाटलं. हसणाऱ्या माणसाचं तोंड काळं करणं निराळं, आणि पहिल्यांदा बर्फ पाहून आनंदाने धावत आलेल्या माणसाचं निराळं. तो आनंद त्यांना ओळखता यायला हवा होता. सकाळपासून तोच त्यांच्या स्वतःच्या पोटात मावत नव्हता.

"तमीमला काय सांगू?" हुमैराबीबींनी विचारलं.

"अजून काही सांगू नकोस," ते म्हणाले. वाटीत उरलेली सगळी काजळी त्यांनी स्वतःच्या तोंडाला फासली, पगडी घातली आणि निघाले.

बाजारात दुकानादुकानांतून हाका आल्या. "मास्तर, यंदाही?" "या वयात चिठ्ठ्या घेऊन धावता?" मास्तर खाली मान घालून चालत होते. मीर यासीन गल्ला सोडून धावत आला.

"गौस, तुला कोणी पकडलं? मी तर अजून डाव टाकलाच नाही."

मास्तरांनी रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. यासीन बराच वेळ डोकं हलवत राहिला.

"रिकाम्या हाताने जाऊ नकोस रे माफी मागायला. हे बदाम ने." फळीवरची एक पुडी उचलून त्याने मास्तरांच्या हातात कोंबली. एवढ्या दुःखातही मित्र कामाला आला म्हणून मास्तरांचे डोळे भरून आले.

इंजिनिअरसाहेब तोंड धुऊन गादीवर बसले होते. हनुवटीखाली थोडं काळं राहिलं होतं. समोर अख्ख्या काळ्या तोंडाचा म्हातारा बघून ते उठले नाहीत, बसाही म्हणाले नाहीत.

"मी गाढव आहे," मास्तर म्हणाले. "माझ्या गाढवपणाची शिक्षा मुलाला देऊ नका. हे बदाम ठेवा, आणि मग हवं तर हाकला."

दारात आलेल्याची भेट नाकारणं जलालाबादी माणसाला जमत नाही. त्यांनी पुडी घेतली, उघडली. बदामांवर घडी घातलेला कागद होता. तो त्यांनी मोठ्याने वाचला.

"बर्फ आमचा, मेजवानी तुमची."

मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. यासीनने पुडी त्यांच्यासाठी बांधून ठेवली होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने इथवर वाहून आणली होती.

"याचा अर्थ काय?" इंजिनिअरसाहेबांनी विचारलं. आवाज सकाळसारखाच हळू होता.

पडद्याआड कोणीतरी हसू दाबलं. "बाबा," जोहल आतून म्हणाली, "ही इथली रीत आहे. चिठ्ठी आणली की आणणाऱ्याला पकडायचं आणि त्याचं तोंड काळं करायचं, म्हणजे मेजवानी त्यांच्यावर. सकाळी त्यांना वाटलं, तुम्हीच आणलीत."

"आणि ही ह्यांनी आणली?"

"हो."

"मग आता मी ह्यांचं तोंड काळं करायचं?"

"तसा नियम आहे."

इंजिनिअरसाहेबांनी मास्तरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पण हे तर घरूनच करून आलेत," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. ते इतकं हसले की शेवटी मास्तरांना हात धरून त्यांनी शेजारी बसवलं.

"म्हणजे मेजवानी तुमच्याकडे लागू," डोळे पुसत ते म्हणाले. "काय मागायचं ते मीच ठरवायचं ना?"

"काहीही मागा."

"लग्नाचं जेवण. पुढच्या थंडीच्या तोंडावर, आमच्या जलालाबादेत. आठवडाभर आधी येऊन राहायचं. तिथे बर्फ पडत नाही, म्हणजे कोणाचं तोंड काळं व्हायची भीती नाही." आणि त्यांनी डाळिंबांचा रुमाल मास्तरांच्या ओंजळीत ठेवला.

पुढच्या वर्षी तुतीची पानं पिवळी पडली, पगमानच्या डोंगरांवर ढग उतरले, आणि मास्तर बोचकी बांधून जलालाबादेला गेले. लग्नाच्या दिवशी सदरा घामाने भिजलेला, डोक्यावर संत्र्याचं झाड, समोर ढोल. तमीम पाच माणसांचं जेवत होता. तेवढ्यात आतून कोणी हाक मारली, काबूलहून टेलिफोन आहे.

"गौस," यासीन म्हणाला, "पडला रे."

मास्तरांनी ढोलाकडे पाठ केली.

"सकाळपासून पडतोय. चिठ्ठी लिहून ठेवली, पण पाठवू कोणाला? गल्लीत मजा नाही."

"ओला आहे की कोरडा?"

"कोरडा. पिंजलेल्या कापसासारखा."

बाहेर ढोल वाजत होता. इंजिनिअरसाहेब दारातून खुणावत होते, मुलाचे वडील हवेत, चला. मास्तरांनी त्यांना बोटाने थांबा म्हटलं आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"यासीन, तो टेलिफोन जरा खिडकीबाहेर धर."

"वेडा आहेस का? बर्फाचा आवाज येत नाही, गौस."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "धर तू."