एका बाणाची काटकसर

१९९२ सालच्या उन्हाळ्यात परभणीच्या एका कचेरीत संगणक आला. कचेरीचं नाव सांगत नाही. आमचं अजून तिथे काम पडतं. जिल्ह्यात पाण्याची बोंब होती. बोअर पाडायची गाडी कोणत्या गावाला पाठवायची, हे यापुढे माणसाने नाही, संगणकाने ठरवावं असा वरून आदेश होता. माणसाला सोयरेधायरे असतात, संगणकाला नसतात, हे त्यामागचं कारण.

पद्धत सोपी होती. गावकऱ्याने चपला बाहेर काढून आत यायचं आणि गावाचं नाव सांगायचं. ऑपरेटर दिनकररावांनी ते टाइप केलं की गावच्या विहिरी, माणसं, ढोरं यांचा हिशेब पडद्यावर भराभर उमटे, शेवटी 'पात्र' असा शब्द येई आणि सगळं वर सरकून नाहीसं होई. प्रिंटरची रिबन मागवलेली होती, म्हणजे ती येणार नव्हती. म्हणून आज्ञेच्या शेवटी बाणाच्या टोकासारखं चिन्ह दोनदा मारून फायलीचं नाव लिहायचं. मग तो मजकूर पडद्याऐवजी फायलीत जाऊन बसे. शनिवारी ती फाइल फ्लॉपीवर औरंगाबादला जाणार होती. फायलीत ज्याचं गाव, त्याच्या गावाला गाडी.

पहिला नंबर बोरीच्या चंद्रभानचा लागला. त्याचं गाव फायलीत गेलं आणि तो समाधानाने एसटीत बसला.

इतक्यात हेडक्लार्क माधवराव खुर्चीमागे येऊन उभे राहिले. काटकसरीचं परिपत्रक नुकतंच आलं होतं, आणि हा गृहस्थ वापरलेली टाचणीसुद्धा सरळ करून ठेवणारा.

"दिनकरराव, हा बाण दोनदा कशाला? एकात भागत नाही?"

दिनकररावांनी पुढचं गाव एका बाणात टाकलं. मजकूर बिनबोभाट फायलीत गेला. 'यापुढे एकच बाण वापरावा' असा लेखी हुकूम निघाला आणि बचतीबद्दल माधवरावांचा शाल देऊन सत्कारही झाला.

आता, दोन बाण म्हणजे जुन्या मजकुराखाली नवा लिही. एक बाण म्हणजे जुना पूस आणि नवा लिही. प्रशिक्षणात हे ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी दिनकरराव मेहुणीच्या साखरपुड्याला गेले होते.

हे पकडलं पिंगळीजवळच्या एका वाडीतल्या बायनाबाईने. वाडीची विहीर आटली होती आणि तिची दिवस भरत आलेली सून दोन कोसांवरून घागर आणत होती. बायनाबाईने गाव टाकून घेतलं, पण तिचा जीव काही थाऱ्यावर राहीना. रांगेत तिच्या मागे असलेल्या सोनपेठकर मुंजाजीचं काम झाल्यावर ती परत आत गेली आणि फाइल दाखवा म्हणाली. फायलीत एकटं मुंजाजीचं गाव. तिने पुन्हा आपलं टाकायला लावलं, तर मुंजाजी गायब.

"साहेब, मागचा पुढच्याला पुसायलाय," ती माधवरावांना म्हणाली.

संगणक चुकत नसतो, असं माधवरावांनी समजावलं. तरीही तक्रार असेल तर तीही संगणकातच नोंदवावी. तक्रारींची फाइल वेगळी होती. तिलाही बाण एकच. त्यामुळे या कचेरीविरुद्ध एकाहून जास्त तक्रार कधीच आढळली नाही.

बातमी फुटली आणि रांग उलटी झाली. जो तो शेवटचा व्हायला बघू लागला. निजामाच्या राज्यात आज्यापणज्यांनी शिकवलेली अदब लोकांना एकदम आठवली. 'पहले आप', 'न्हाई, पहले आप' करत रांग मागे मागे सरकत स्टँडपर्यंत गेली. आत दिनकरराव माशा मारत बसले, आणि माधवरावांनी वर कळवलं की जिल्ह्यात पाण्याला मागणी नाही.

शनिवारी फाटक बंद व्हायची वेळ आली तशी सगळ्यांचा धीर सुटला आणि एकच रेटारेटी झाली. बायनाबाई तेवढी हलली नाही. सगळे उरकून गेल्यावर ती आत आली.

"माह्या मागं आता कोणीच न्हाई. टाका."

दिनकररावांनी टाकलं. ती बाहेर येऊन उंबऱ्यावर दाराला पाठ लावून बसली, कुलूप लागेपर्यंत. मागून कोणी घुसू नये म्हणून.

आतल्यांचं काय, हे तिला सुचलं नाही. यंत्र बंद करण्यापूर्वी ते चालू असल्याची खात्री करावी, असा नियम होता. माधवराव नियमाचे पक्के. दिनकररावांनी खात्रीसाठी हाताला आलं ते नाव टाकलं: कचेरीचं. विहिरी नाहीत, माणसं भरपूर. पात्र.

पुढच्या आठवड्यात कचेरीच्या आवारात बोअर पडला. पाणी लय गोड लागलं. पिंगळीहून रेल्वेने घागर घेऊन बायनाबाई आली, तेव्हा माधवराव शाल सावरत तिला म्हणाले, "बाई, रांगेनं घ्या."

हसलात? हसा. बायनाबाईचं वाईटही वाटलं असेल. आता वर न बघता एवढंच सांगा: या रांगेत पहिला नंबर कोणाचा होता, आणि त्याचं गाव कोणतं? तोही बिचारा अजून गाडीची वाट बघायलाय. माधवरावांना नावं ठेवू नका. बाण तुमच्याकडेही एकच आहे.